जुन्या गाडीतून आल्प्स: इंग्लंडहून निघण्यापूर्वी आणि निघाल्यावर

आमच्याकडे पुण्यात प्रीमियर पद्मिनी होती. मुंबईहून परत येताना खंडाळ्याचा घाट चढून झाला की बाबा गाडी कडेला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि वीस मिनिटं कुणी रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही असा हुकूम सोडायचे. ती वीस मिनिटं आम्ही चिक्की खाण्यात घालवायचो. गाडीत काहीतरी बिघाड आहे असंच मला तेव्हा वाटे. आता इंग्लंडमध्ये १९७२ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार सांभाळताना कळतं की बिघाड काहीच नव्हता. त्या गाडीची चालच तशी होती आणि बाबा त्या चालीने प्रवास आखत होते.

युरोपात जुनी गाडी घेऊन जायचं तर एवढंच शिकायचं आहे. आपण नकाशा पाहून दिवस ठरवतो, पण तो गाडी पाहून ठरवायला हवा. मी या गाडीतून दोनदा आल्प्स ओलांडून आलो. पहिल्यांदा नकाशाप्रमाणे गेलो, दुसऱ्यांदा गाडीप्रमाणे. खालची सगळी तयारी दुसऱ्या वेळची आहे.

आधी कॅलेंडर

माझा मार्ग असा होता: डोव्हरहून कॅले, तिथून रेम्स, मुलूज, स्वित्झर्लंडमधला गॉटहार्डचा घाट, इटलीत कोमो आणि बोर्मियो, मग स्टेल्व्हिओचा घाट, ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता आणि जर्मनी-लक्झेंबर्गमधून परत कॅले. आडवाटा धरून तीन हजार किलोमीटरच्या आसपास. त्याला सोळा दिवस दिले. नवी गाडी हे आठवड्यात करेल, पण आपली गाडी नवी नाही.

तारखा घाटांवरून ठरवा. स्टेल्व्हिओ बर्फामुळे साधारण मेअखेर किंवा जूनपर्यंत बंद असतो. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा असतो आणि रात्री बंद करतात. त्यामुळे जूनचा मध्य किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. ऑगस्ट टाळा. उकाडा आणि गर्दी एक वेळ सोसता येईल, पण १५ ऑगस्टच्या आगेमागे निम्मी इटली सुट्टीवर असते आणि गॅरेजचं शटर खाली असतं. आणखी एक, वर्षातून एखादा दिवस स्टेल्व्हिओ फक्त सायकलवाल्यांसाठी राखून ठेवतात. त्याची तारीख आधी बघा, नाहीतर पायथ्याशी बसून सायकली मोजाव्या लागतील.

रोजचं अंतर सपाटीवर जास्तीत जास्त २५० किलोमीटर आणि घाटाच्या दिवशी १२० ते १५०. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी उभी ठेवायची. हा दिवस तुमच्या पाठीसाठीही आहे, पण मुख्य म्हणजे काही बिघडलं तर तो राखीव दिवस कामाला येतो. सगळे मुक्काम आगाऊ भरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी गाडी अडली, तर पुढची सगळी बुकिंगं पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळतात. मी पहिले दोन, घाटातले दोन आणि शेवटचा असे पाचच मुक्काम पक्के करतो.

मोटरवे शक्यतो नको. ताशी ८५-९० किलोमीटरवर ही गाडी दिवसभर आनंदात चालते, ११० वर इंजिन ओरडायला लागतं आणि शेजारच्याशी बोलताना आपणही. फ्रान्समधल्या साध्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ८० आहे, म्हणजे आपल्या गाडीसाठीच ठरवल्यासारखी. शिवाय साध्या रस्त्यानेच रेम्सबाहेर जुन्या शर्यतीच्या ट्रॅकचे स्टँड आणि पिट लागतात, सार्वजनिक रस्त्याच्या अगदी कडेला. १९६६ नंतर तिथे फॉर्म्युला वन झाली नाही. गाडी पिटसमोर उभी करून फोटो काढण्यापासून मला कुणी अडवलं नाही.

गाडी: निघण्याआधीचे तीन महिने

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, मोठा फेरबदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या गाडी-तपासणीची, सक्ती नाही. म्हणून तपासणी टाळू नका. पैसे भरून स्वेच्छेने करून घ्या. गाडी लिफ्टवर चढवून दुसऱ्याच्या डोळ्यांनी खालून पाहिली जाते, तेवढं तरी पदरात पडतं.

तीन महिने आधी हे उरकावं: रेडिएटर धुऊन नवीन कूलंट, पाण्याचे सगळे होजपाइप, फॅनबेल्ट, थर्मोस्टॅट. ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, तर ओलावा शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. सपाटीवर हा फरक जाणवत नाही. घाट उतरताना पेडल तळाला गेलं की जाणवतो. टायरची नक्षी पाहून समाधान मानू नका. बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. जुन्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. दहा वर्षांचा टायर कितीही चकचकीत दिसला तरी काढून टाका. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेवर पान्याने टिचकी मारत जा. सगळ्या एका सुरात वाजायला हव्यात. बद्द वाजणारी तार सैल आहे.

इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी देणाऱ्या व्यवस्थेकडे, मात्र निवांत बसून लक्ष द्या, कारण रस्त्यात गाडी अडते ती बहुधा तिथेच. पॉइंटमधलं (विजेचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांमधलं) अंतर या गाडीला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागतं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर घ्या, डोळ्यांच्या अंदाजाने करू नका. आणि या सगळ्यात महत्त्वाचा नियम: नवीन पार्ट बसवून लगेच निघू नका. पहिल्या वेळी मी प्लग, पॉइंट, रोटर आणि कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा छोटा डबा) असं सगळं नवंकोरं घालून दोन दिवसांत निघालो, मोठी तयारी केल्याच्या थाटात. रेम्सच्या पुढे चाळीस किलोमीटरवर इंजिन आचके द्यायला लागलं, सायलेन्सरमधून फटाके वाजले आणि गाडी एका बिटाच्या शेताशेजारी थांबली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंटकडे बघत बायकोला स्टार्टर मारायला सांगितलं, तर तिथे निळसर ठिणग्यांची दिवाळी. कंडेन्सर गेला होता, तोच दोन दिवसांचा. सुदैवाने काढलेला जुना, मळकट कंडेन्सर मी डब्यात टाकून आणला होता. वीस मिनिटांत तो बसवला आणि त्याच्यावर पुढचे अडीच हजार किलोमीटर झाले.

तेव्हापासून पद्धत अशी: नवीन पार्ट दोन महिने आधी बसवायचा, त्यावर किमान पाचशे किलोमीटर फिरायचं आणि जुना चालू पार्ट कापडात गुंडाळून स्पेअर म्हणून न्यायचा. डब्यातल्या नव्या पार्टची खात्री कुणी द्यायची? जुन्याने ती चालून दिलेली असते.

निघण्याआधी पंधरा दिवस एक रंगीत तालीम करा. सामान भरून, शेजारी माणूस बसवून, दोन दिवसांत चार-पाचशे किलोमीटर, त्यात पाऊस आणि रात्रही मिळाली तर उत्तम. वायपर, हीटर आणि छतातून गळणारं पाणी यांची खरी ओळख पावसातच होते.

पेट्रोल

युरोपीय संघात शिसंयुक्त पेट्रोल १ जानेवारी २०००पासून बंद आहे, आणि जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट तेच शिसं जपायचं. तुमच्या गाडीच्या इंजिनाच्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या आहेत की नाहीत हे मागच्या मालकाच्या बिलांतून शोधा. नसतील तर बाटलीतलं अॅडिटिव्ह सोबत ठेवा आणि इंजिन फार ताणू नका.

दुसरा प्रश्न इथेनॉलचा. ई१० म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते जुन्या रबराला खातं: होजपाइप आतून मऊ होतात, चुरा कार्ब्युरेटरमध्ये जातो, बाहेरून थेंब गळायला लागतो. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब म्हणजे काय, ते सांगायला नको. इथेनॉल सोसणारे होजपाइप बसवून घ्या आणि तरीही ई५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) भरा. २०१८पासून युरोपात पंपावर ठरावीक खुणा असतात: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. गोलात ई५ लिहिलेलं पाहिलं की भाषा येत नसली तरी चालतं. फ्रान्समध्ये साधारणपणे ९८ ऑक्टेनचं पेट्रोल ई५ असतं. जर्मनीत ‘सुपर’ या नावाने दोन्ही मिळतं, तिथे खूण बघूनच नोझल उचला.

हिशोब सोपा आहे. एमजीबीला शंभर किलोमीटरला दहा लिटर धरा, म्हणजे तीन हजारांना तीनशे लिटर. मोटरवेवरचे पंप महाग असतात, शेजारच्या गावातल्या सुपरमार्केटचा पंप स्वस्त. परतीच्या वाटेवर लक्झेंबर्ग लागतं, तिथे टाकी फुल करूनच पुढे जा. शेजारच्या देशांतूनही लोक खास तेवढ्यासाठी येतात.

डिक्कीत काय

माझा पार्टांचा डबा बुटाच्या खोक्याएवढा आहे. त्यात फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, दोन प्लग, प्लगची एक लांब एचटी वायर, बल्ब, फ्यूज, थ्रॉटल केबल, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचे रबर आणि दोन-तीन मापांच्या होज क्लिप. वेगळ्या पिशवीत इंचाचे पाने, पकड, टेस्टर, तांब्याची तार, केबल टाय आणि ताणून गुंडाळलं की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप. फुटलेल्या पाइपवर हिच्याइतकं कामाचं काही नाही. दोन लिटर २०डब्ल्यू-५० ऑइल, एक लिटर ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी. पेट्रोल पंपांवर हल्ली मिळतं ते पातळ, आधुनिक ऑइल. आपल्या इंजिनाला लागतं ते जाड ऑइल मागितलं तर पोऱ्या बावचळून बघतो. स्टेपनीत हवा आहे ना? ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण मी एकदा हसण्याच्या लायकीचा ठरलो आहे.

त्याबरोबर धोक्याचा त्रिकोण आणि चमकती जाकिटं. जाकिटं डिक्कीत नको, हाताशी हवीत. ती अंगात घालूनच गाडीबाहेर पडायचं असतं. हेडलाइटवर चिकटवायच्या पट्ट्याही घ्या, कारण ब्रिटनच्या गाडीचा झोत डावीकडे झुकलेला असतो आणि तिकडे समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

खाण्याबद्दल एक आडवळण. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, श्रीखंड घरी. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी खुशाल न्या. स्विस खेड्यात संध्याकाळी साडेसातला स्वयंपाकघरं बंद झाल्यावर थालीपिठाने आम्हाला दोनदा तारलं आहे.

कागद

गाडीचं मूळ नोंदणीपत्र, विमा, परवाना आणि गाडीच्या मागे ‘यूके’ स्टिकर. जुनं ‘जीबी’ सप्टेंबर २०२१पासून चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये राहत असूनही शेंगेन व्हिसा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं हे गॉटहार्ड चढण्यापेक्षा अवघड आहे, तेव्हा गाडीच्या कामाआधी ते करा. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली. फ्रान्सची तपासणी डोव्हरलाच होते, त्यामुळे बोटीच्या वेळेआधी भरपूर वेळ हाताशी ठेवा. रांगेत इंजिन चालू-बंद करत जुनी गाडी तापते, तेही ध्यानात असू द्या.

विम्यात गाडीची ठरलेली किंमत लिहून घ्या, बाजारभाव नको. रस्त्यात मदत देणाऱ्या पॉलिसीत वयाची अट वाचा. बऱ्याच पॉलिसी ठरावीक वर्षांपुढच्या गाडीला दारातच उभं करत नाहीत. गाडी दुरुस्त झाली नाही तर ती घरी आणून देण्याची सोय त्यात हवीच.

ज्यांच्याकडे गाडी नाही आणि जे थेट महाराष्ट्रातून येणार आहेत, त्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन इटलीत जुनी गाडी भाड्याने घ्यावी. तीन गोष्टी आधी विचारा: चालकाचं किमान वय, रोजची किलोमीटरची मर्यादा आणि गाडी देशाबाहेर नेण्याची परवानगी. तिसरी बहुधा नसते.

टोल आणि शहरांच्या वेशी

स्वित्झर्लंडच्या मोटरवेसाठी वर्षाचाच परवाना मिळतो, ४० फ्रँकचा, एका दिवसासाठी जायचं असलं तरी. ऑस्ट्रियात एका दिवसाचा आणि दहा दिवसांचाही मिळतो. दोन्हीकडे आता तो गाडीच्या क्रमांकावर ऑनलाइन घेता येतो, जुन्या काचेवर गोंद खरवडत बसावं लागत नाही. ग्रोसग्लॉकनरचा टोल वेगळा आणि भारी, चाळीस युरोंच्या वर. उजव्या बाजूला स्टिअरिंग असल्याने टोलच्या खिडकीशी व्यवहार शेजारच्याने करायचा असतो. तो झोपला असेल तर उठवा.

मोठ्या शहरांत गाडी घालूच नका. प्रदूषणाचे नियम शहरागणिक वेगळे आहेत आणि बदलत राहतात. जुन्या गाडीला कुठे सूट असते, कुठे नोंदणी करावी लागते. इटलीत तर जुन्या गावठाणांभोवती बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग आहेत, लाल वर्तुळाची पाटी आणि वर कॅमेरा. एका छोट्या गावात मी हॉटेल शोधत त्या पाटीखालून दोनदा गेलो, एकदा जाताना आणि एकदा चुकलं म्हणून परत फिरताना. काही महिन्यांनी घरी दंडाची दोन पाकिटं आली. शहराबाहेर गाडी लावा आणि ट्रॅमने आत जा. मुक्कामाला हॉटेल निवडताना न्याहारीपेक्षा बंद गॅरेज आहे का ते विचारा. शहरात गाडी घालायला अपवाद एकच, मुलूजचं मोटार संग्रहालय. तिथे चारशेहून अधिक गाड्या आहेत, त्यांत बुगाटीच शंभरावर. गाडीच्या विश्रांतीचा दिवस तिथेच घालवा.

घाट

गॉटहार्डखालून जवळजवळ १७ किलोमीटरचा बोगदा जातो. त्यात शिरू नका. वरून २,१०६ मीटरच्या खिंडीतून जा आणि दक्षिणेला ट्रेमोलाचा जुना रस्ता धरा: ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा, चोवीस वळणांचा. चिऱ्यांवरून गाडी खडखडत उतरते, तेव्हा खाली एअरोलो गावात पोचल्यावर सायलेन्सरचे आणि नंबर प्लेटचे नटबोल्ट हाताने चाचपून पाहा.

स्टेल्व्हिओ २,७५७ मीटरवर आहे. पलीकडच्या प्राटो गावाच्या बाजूला ४८ वळणं, प्रत्येकाला क्रमांकाची पाटी. मी बोर्मियोकडून चढतो आणि प्राटोकडे उतरतो. उलटं करणारेही आहेत. माझं कारण असं की ४८ वेळा पहिल्या गिअरमध्ये येऊन इंजिन तापवण्यापेक्षा उतारावर ते गार ठेवणं सोपं. सकाळी आठच्या आत निघा. नऊनंतर मोटरसायकली, सायकली आणि बस असा सगळा वारकऱ्यांचा मेळा जमतो. फक्त इथे कुणी कुणाला माउली म्हणत नाही. अरुंद जागी साधारणपणे चढणाऱ्याला वाट द्यायची. स्वित्झर्लंडमध्ये मात्र निळ्या पाटीवर पिवळा भोंगा दिसला की पिवळ्या पोस्टाच्या बसचा शब्द अखेरचा, ड्रायव्हर सांगेल तसं मागे या.

चढताना डोळा तापमानाच्या काट्यावर. २,५०० मीटरवर साधं पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून रेडिएटरचं झाकण दाब धरणारं हवं. पन्नास रुपड्यांचा वाटणारा हा पार्ट आधी बदला. काटा चढायला लागला तर हीटर पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. पाय भाजतात, गाडी वाचते. उंचीवर हवा विरळ असल्याने मिश्रण पेट्रोलने जड होतं, ताकद कमी होते आणि उभ्या गाडीचं इंजिन अडखळतं. घाबरून कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवू नका. खाली आल्यावर आपोआप ठीक होतं, आणि तुम्ही फिरवले असतील तर होत नाही.

माथ्यावर पोचलात की इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं नुसतं चालू द्या, मग बंद. दहा मिनिटांनी स्टार्टर मारला आणि गाडी घेत नसेल, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उष्णतेने उकळून इंजिनात उतरलेलं असतं. चोक ओढू नका. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, पंप करू नका आणि स्टार्टर चालू ठेवा. काळा धूर निघेल, आजूबाजूचे पर्यटक बघतील, आणि इंजिन पकडेल.

उतरताना आपल्याकडचा ट्रकवाल्यांचा नियम: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी जोरात दाबा, सोडा, त्याला हवा खाऊ द्या. जळका वास आला की पुढच्या मोकळ्या जागी थांबा. अशा वेळी हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या ड्रमवर लायनर चिकटू शकतं. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. ब्रेक गार झाल्यावर तो दगड काढून कडेला ठेवायला विसरू नका, मागून मोटरसायकल येते.

बंद पडलीच तर

फ्रान्समध्ये मोटरवेवर आपल्या विम्याची टोइंग गाडी बोलावता येत नाही. कडेच्या नारिंगी एसओएस फोनवरून अधिकृत गाडी येते, ती मोटरवेबाहेर सोडते आणि पुढचं काम आपल्या विमा कंपनीचं. पावती घ्या, तीच पुढे पैसे परत मिळवून देते. जिवाला धोका असेल तर सगळीकडे ११२.

साध्या रस्त्यावर अडलात तर बॉनेट उघडून ठेवा आणि थांबा. जुन्या गाडीला हा फायदा आहे. त्या बिटाच्या शेताजवळ आमच्यासाठी तीन गाड्या थांबल्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि मला फ्रेंचचं. त्याने कंडेन्सर हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला, मान हलवली आणि घरी जाऊन मला हात पुसायला एक जुनं, धुतलेलं फडकं आणून दिलं. ते अजून पार्टांच्या डब्यात आहे, जुना रोटर त्यातच गुंडाळलेला असतो.